हेमराज भाऊजी आणि कालचं उत्तर

आमच्या घरी सकाळी कोणी कोणाला "कसे आहात" म्हणून विचारत नाही. हेमराज भाऊजी माडीच्या पायऱ्या उतरून येतात, चहाचा कप हातात घेतात, एक घोट पोटात जाऊ देतात आणि म्हणतात, "वहिनी, कालपासून काय बदललं?"

मी म्हटलं, "काही नाही बाप्पा," की ते मान डोलावतात. "मग कालचंच उत्तर." म्हणजे माझा गुडघा कालच्याइतकाच दुखतो, दूधवाला कालच्याइतकंच पाणी घालतो, हे सगळं त्यांनी धरून घेतलं. पुन्हा विचारायचं कारण नाही. पण मी जर म्हटलं, की पहाटे शिडकावा झाला, तर भाऊजी कप खाली ठेवतात. डोळे बारीक करून आढ्याकडे पाहतात आणि मग नेमकं तेवढंच विचारतात. वाळत घातलेल्या मिरच्या उचलल्या का, अंगणातलं धान झाकलं का, आणि गुडघा कसा आहे. दूधवाल्याचं विचारत नाहीत. पावसानं दूधवाला बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा मी म्हटलं, "भाऊजी, पाऊस पडला की दूध आणखी पातळ येते." त्यांनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "हे मले माहीत नव्हतं. जोडून घेतो." तेव्हापासून पाऊस आला की दूधवाल्याचीही चौकशी होते.

हेमराज भाऊजी माझे धाकटे दीर. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, लग्न केलेलं नाही. पुण्याला बरीच वर्षं नोकरी केली. मग घरून काम करायची सोय झाली तसे लॅपटॉप घेऊन गावी, सिहोऱ्याला आले आणि माडीवरची खोली धरली, ती धरलीच. माझे यजमान गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. मी, भाऊजी आणि त्यांच्या सख्ख्या आत्या, गोदाआत्या. आत्या वयानं पिकलेल्या, पण कान तिखट आणि जीभ त्याहून. आजूबाजूच्या गावांतल्या सोयरिकी जुळवणं हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. कोणाच्या घराचं कोणाच्या घराशी जमतं, हे लोक त्यांनाच विचारायला येतात.

मला कुलूप लावलं की ओढून पाहायची खोड आहे. चार पावलं गेले की परत येऊन पुन्हा ओढते. भाऊजींना हे पाहवत नाही. "वहिनी, लागलं ते लागलं. ओढल्यानं जास्त लागते का?" त्यांची स्वतःची रीत वेगळी. बाहेर जाताना खोलीचं दार ओढून घेतात आणि कडीत कडुनिंबाची एक काडी खोचतात. परत आल्यावर काडी जागच्या जागी असली, तर आत कोणी गेलं नाही, काही हललं नाही. मग पाहायचं कशाला? "अख्खी खोली तपासण्यापेक्षा एक काडी तपासणं सोपं."

एकदा शेजारची बकरी माडीवर चढली आणि काडी खाऊन गेली. भाऊजी तुमसरहून परतले तर काडी नाही. मग अंधार पडेपर्यंत त्यांनी खोलीतली एकूण एक वस्तू तपासली. पुस्तकं, वायरी, मोजेसुद्धा. सगळं जागेवर होतं. मी म्हटलं, "अहो, बकरी होती ती." ते म्हणाले, "बकरी होती हे मले काडीनं सांगितलं नाही. काडी गेली, एवढंच सांगितलं."

लग्नकार्यात तर त्यांना नेणं जोखमीचं. एका लग्नात आमचे दूरचे व्याही भेटले. हात जोडून म्हणाले, "काय हेमराजजी, सगळं ठीक ना?" त्यावर उलट त्यांची चौकशी करायची, तर भाऊजी म्हणाले, "तुमची चौकशी दिवाळीत झाली आहे. त्यानंतर काही बदललं असल तर सांगा." व्याही पंगत बसेपर्यंत फुगून होते. पंगतीत वाढपी वांग्याची भाजी घेऊन आला तशी भाऊजींनी त्याला हातानं अडवलं. "यांना नको. यांना वांगं चालत नाही." व्याह्यांनी हे म्हणे कधीतरी, कुठल्यातरी बारशात एकदाच बोलून दाखवलं होतं. त्यांच्या बायकोच्याही ध्यानात राहत नाही, असं ते मला नंतर म्हणाले. राग तिथंच उतरला.

स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला, की मात्र भाऊजींचं एकच वाक्य. "ते तपासून झालं आहे." आणि पायऱ्या चढून वर.

आता एवढं वाचून तुम्ही म्हणाल, माणूस विक्षिप्त आहे. आहेच. पण हा विक्षिप्तपणा म्हणजेच त्यांचं काम आहे, हे मला कळलं तेव्हा मी चकित होऊन गेले, ती अजून तशीच आहे.

भाऊजी कंपायलरवर काम करतात. मी सातवी शिकलेली, बाकीचं वाचनालयातल्या पुस्तकांतून गोळा केलेलं. म्हणून एका दुपारी मी त्यांना ओट्याजवळ बसवून नीट विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. लोक प्रोग्राम लिहितात. ते मशीनला समजेल असं करून देणारा एक मधला असतो, तो कंपायलर. आणि करून देण्याआधी तो तपासतो, की जिथं जे मागितलं आहे तिथं तेच दिलं आहे का.

"वहिनी, तुम्ही ताक मागितलं न मी कुलूप आणून दिलं, तर चालल का?"

"नाही."

"कंपायलर हेच पाहते. याले टाइप चेकिंग म्हणतात. प्रोग्राम चालू व्हायच्या आधीच सांगते, का बा इथं ताक पाहिजे होतं न कुलूप येऊन राहिलं."

एवढंच ना, असं मला वाटलं. पण मोठा प्रोग्राम म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचं स्वयंपाकघर. मोजता येणार नाहीत इतकी भांडी. आणि कोणी कुठल्या तरी कोपऱ्यात एक शब्द बदलला, की बिचारा कंपायलर पवनीपासून तुमसरपर्यंत सगळी भांडी पुन्हा उघडून हुंगत सुटतो. तोवर लिहिणारा माणूस हात बांधून बसतो. देशोदेशी अशी माणसं ताटकळत बसलेली असतात, असं भाऊजी सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा असा होतो, जसा उन्हात एसटीची वाट पाहणाऱ्या लेकुरवाळीकडे पाहून आपला होतो.

"मग तुम्ही काय करता?"

"मी त्याले ध्यानात ठेवायले शिकवतो. एकदा पाहिलं न ठीक निघालं, तर ते उत्तर जपून ठेव. प्रत्येक भांड्याले आपल्या काडीसारखी एक खूण लाव. पुढच्या वेळेस खूण पाहा. हलली नसल तर कालचंच उत्तर दे."

याला ते लोक कॅश म्हणतात. पैशाशी काही संबंध नाही, मी विचारून घेतलं.

एकदा त्यांनी मला माडीवर बोलावून दाखवलं. आधी जुन्या रीतीनं चालवलं. मी खाली आले, कुकर लावला, उतरवला, परत वर गेले, तरी ते चालूच होतं. मग त्यांच्या रीतीनं चालवलं. मी पदर सावरून खुर्चीवर टेकते न टेकते, तोवर झालंसुद्धा.

"झालं?"

"बहुतेक काम आधीच झालं होतं, वहिनी. त्यानं फक्त आठवलं."

काय होतं हो त्या खोलीत? एक टेबल, भिंतीला आलेली ओल, खिडकीतून दिसणाऱ्या कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. आणि तिथं बसून हा माणूस, ज्यांना आयुष्यात कधी पाहिलं नाही त्यांचा वेळ त्यांना परत देत होता. त्यांना याचं नावही ठाऊक नसेल. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर होतं, तसं मला झालं. हात तेवढे जोडले नाहीत, कारण भाऊजींनी कारण विचारलं असतं.

यंदा तुळशीचं लग्न लागलं त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. भाऊजी खाली आले, चहा घेतला आणि काही न विचारता पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. ताटातली भाकर तशीच परत यायला लागली. आत्यांनी विचारलं, "हेम्या, असा काय बसला? कोणी मेलं का?"

"नाही आत्या."

"मग जेव."

शेवटी त्यांनी मला सांगितलं. "वहिनी, माझं यंत्र खोटं बोललं."

कोणाच्या तरी प्रोग्रामला त्यांच्या कॅशनं "ठीक आहे" म्हणून सांगितलं आणि ते ठीक नव्हतं. ताकाच्या जागी कुलूप गेलं. आणि का गेलं, ते सापडत नव्हतं. "मागणाऱ्याची खूण तशीच आहे. देणाऱ्याची खूण तशीच आहे. दोघातलं कोणीच बदललं नाही. मग कालचं उत्तर आज चूक कसं?" बरोबरची माणसं चांगली होती, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. हळू चाललेलं चालेल, खोटं चालणार नाही. कंपायलरची नवीन आवृत्ती निघायच्या आत चूक सापडली तर ठीक, नाही तर कॅश काढून टाकू.

"सगळी?"

"सगळी. पुन्हा पहिल्यापासून हुंगत बसायचं."

गावी आल्यापासून त्यांनी त्या एकाच गोष्टीला स्वतःला वाहून घेतलं होतं. मला पोरंबाळं आहेत, ती आपापल्या ठिकाणी सुखी आहेत. भाऊजींचं जे काही होतं, ते त्या माडीवरच होतं.

त्याच दिवसांत शेजारचे तुळशीरामजी आत्यांकडे आले. ते आधीही एकदा आले होते, धाकट्या पोराची सोयरिक विचारायला. लाखांदूरकडची पोरगी. आत्यांनी तेव्हा सुपातली लाखोळीची डाळ निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं होतं, "जमते. ही दोन्ही घरं मी तुह्या मोठ्या पोराच्या वेळेसच पाहून ठेवली आहेत." आत्यांनी जमते म्हटलं म्हणजे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. तुळशीरामजींनी पुढचं बोलणं सुरूही केलं. आणि आता आले ते तोंड पाडून.

"आत्याबाई, जमत नाही."

"काहून जमत नाही? माह्याजवळ आहे ना, जमते म्हणून."

"माझ्या साळ्याची बायको त्याच घरची निघाली. या पोरीची सख्खी मोठी बहीण. ती माझ्या पोराची मामी झाली, न ही मामीची बहीण. जिले मावशी म्हणायचं तिच्या गळ्यात माळ घालू द्यू का?"

आत्यांचा हात सुपात थांबला. "तुह्या साळ्याचं लगीन केव्हा झालं?"

"झालं मागंच."

"न तुले माहीत नव्हतं?"

"माझं न त्याचं बोलणं नाही, आत्याबाई. एका बैलावरून वाजलं आमचं. त्या लग्नाले मी गेलोच नाही, मग बायको कोण्या घरची आणली ते कोण विचारते? काल घरी पोरीचं घर सांगितलं, तं बायकोनं कपाळावर हात मारला."

आत्यांना चूक मान्य करायची सवय नाही. "मग माही चूक कशी? तुहं घर तेच. पोरीच्या बापाचं घर तेच. मी तिसऱ्याच्या घरात कायले डोकावू?"

पायरीवर बसलेल्या भाऊजींच्या हातातला कप कलंडला. चहा पायजम्यावर सांडला, त्यांना पत्ताही नव्हता.

"आत्या," ते म्हणाले, "पहिल्यांदा जमते म्हणालीस, तेव्हा काय काय पाहिलं होतं?"

"सगळं पाहिलं होतं. बापाकडचं, मायकडचं, मामाचं घरही. मामा तेव्हा बिनलग्नाचा होता."

"न ध्यानात काय ठेवलं?"

"ध्यानात काय ठेवायचं बाप्पा. जमते, एवढंच."

भाऊजी उभे राहिले. "माझ्या यंत्रानंही एवढंच ठेवलं," म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

तुळशीरामजी म्हणाले, "याले काय झालं?"

आत्या म्हणाल्या, "त्याले माही चूक आवडली."

पुढचं मला भाऊजींनी समजावलं तेव्हा ते जेवत होते, आणि दुसरी भाकर मागून घेतली होती, म्हणून मी अर्धं लक्ष भाकरीकडे ठेवून ऐकलं. त्यांचं यंत्र दोन गोष्टी एकमेकींशी जमतात का ते पाहताना वाटेत तिसऱ्याच एका गोष्टीत डोकावत होतं. पण उत्तर ठेवताना त्या तिसरीची आठवण ठेवत नव्हतं. पुढे तिसरी बदलली. या दोघी होत्या तशाच, त्यांच्या खुणा होत्या तशाच, म्हणून यंत्रानं बिनधास्त कालचं उत्तर दिलं. आता भाऊजींनी असं केलं, की प्रत्येक उत्तरासोबत ते उत्तर कशाकशावर टेकलं आहे, तेही ठेवायचं. टेकू हलला, तर उत्तर शिळं. पुन्हा विचारायचं.

"नुसतं उत्तर ठेवणं म्हणजे ठेवणंच नाही, वहिनी," ते म्हणाले. "ते कशाच्या जोरावर उभं होतं, हे पण पाहिजे."

त्यांच्या लोकांनी ते सगळ्या बाजूंनी हलवून, वाकवून पाहिलं. कॅश राहिली. नवीन आवृत्ती निघाली त्या दिवशी मी शिरा केला. गोदाआत्या आता ज्याला त्याला सांगतात, की जगभरातल्या मशिनी आमच्या हेम्याच्या डोक्यानं न माझ्या चुकीनं चालतात. मला मात्र त्या दिवशी भाऊजींकडे पाहून नवल वाटत राहिलं. अंगणातल्या एका मोडलेल्या सोयरिकीत ज्याला एवढं दिसतं, त्या माणसाला मी रोज चहा देते, आणि तो मला फक्त काय बदललं एवढंच विचारतो.

शिरा खाऊन झाला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. मी चहा गाळत होते, आत्या पुढ्यात सूप घेऊन बसल्या होत्या. भाऊजी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आत्या," ते म्हणाले, "कोंढ्याचं ते 'नाही' कशावर टेकलं होतं?"

माझा हात गाळणीवरच थांबला. कोंढ्याचं नाव या घरात कोणी घेत नाही. भाऊजी भंडाऱ्याला कॉलेजात होते, तेव्हा कोंढ्याची वनिता त्यांच्या वर्गात होती. पुण्याची नोकरी लागल्यावर भाऊजींनी आत्यांना तिच्या घरी पाठवलं. आत्या गेल्या आणि "नाही" घेऊन परत आल्या. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच. तेव्हापासून, ते तपासून झालं आहे.

आत्यांनी सुपातले दोन-चार खडे काढून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "पोरीची माय अंथरुणाले खिळली होती. पोरगी म्हणाली, मायले टाकून मी कुठंच येत नाही."

"हे मले सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं का? तू इचारलं, हो का नाही. मी सांगितलं, नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "तुले पुण्याले जायचं होतं, हेम्या. मले वाटलं, नुसतं 'नाही' लवकर पचते."

भाऊजी सुपातल्या दाण्यांवरून बोट फिरवत होते.

"तिची माय?"

"गेली. केव्हाचीच."

"न ती?"

"आहे तिथंच. शाळेत शिकवते. मायचं घर सोडलं नाही, लगीन केलं नाही."

"तुले माहीत होतं?"

"मले सगळ्यांच्या घरचं माहीत राहते."

"मग पुन्हा विचारलं काहून नाही कोणी?"

आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "उत्तर होतं ना आपल्याजवळ," त्या म्हणाल्या.

चहा झाला. भाऊजींनी कप स्वतः विसळून ठेवला आणि वर गेले.

सकाळी ते खाली आले ते इस्त्रीचा निळा सदरा घालून. दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं. मी कप पुढे केला. त्यांनी घेतला, घोट घेतला, पण काय बदललं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोन भाकरी आणि झुणका फडक्यात बांधून दिला आणि त्यांच्यासोबत स्टँडपर्यंत गेले. कोंढ्याला जायला तुमसरला गाडी बदलायची, भंडाऱ्याला बदलायची, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण मी ते सांगत राहिले आणि तेही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकत राहिले.

गाडी यायला वेळ होता. बाकड्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "वहिनी, आताही नाहीच म्हणाली तर?"

"तर ते आजचं 'नाही' राहील, भाऊजी," मी म्हटलं. "आणि तिच्या तोंडून आलेलं."

त्यांनी आकाशाकडे डोळे बारीक करून पाहिलं. कोणती गोष्ट कुठं टेकली आहे, हे पाहताना पाहतात तसं. मग हळूच मान डोलावली. गाडी आली. खिडकीजवळ जागा मिळाली त्यांना. फडकं मांडीवर धरून बसले होते.

मी घरी आले, गुडघा धरत माडी चढले. त्यांच्या खोलीचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. कडीत काडी नव्हती. बकरीचं काम आहे का म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, पण बकरी खाली शेजाऱ्यांच्या खुंट्याला बांधलेली होती. मी दार तसंच राहू दिलं.